रेणूचा आकार आणि रेणूचा स्वभाव

(ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मराठीच्या अध्यापकाने शतसांवत्सरिक व्याख्यानमालेत उभे राहावे आणि रसायनशास्त्रातील रेणूंविषयी बोलावे, हे आपणांपैकी अनेकांना चमत्कारिक वाटले असणार. कार्यकारी मंडळाने मला विषय निवडण्याची मोकळीक दिली तेव्हा संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा बडोद्याची वाङ्मयीन परंपरा यांपैकी काहीतरी मी घेईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आपल्या या सभागृहात शंभर वर्षे बोलले गेले आहे आणि पुढेही बोलले जाईल. मला आज एका साध्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देखत शोधून पाहावयाचे आहे. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रातील एखादी कल्पना, तिचा कस न गमावता, मराठीत संपूर्णपणे समजावून सांगता येते की नाही? येत असेल, तर या ग्रंथालयाने त्याबाबत काय करावे?

प्रारंभ शब्दापासून करतो, कारण माझा व्यवसाय शब्दांचा आहे. आपण मराठीत 'अणू' म्हणतो तो इंग्रजीतील 'ॲटम', आणि 'रेणू' म्हणतो तो 'मॉलेक्यूल'. परंतु या शहरात गुजराती माध्यमाच्या शाळेत जाणारा आपला मुलगा 'अणु' म्हणतो तेव्हा त्याला 'मॉलेक्यूल' म्हणावयाचे असते. 'ॲटम'ला तो 'परमाणु' म्हणतो. हिंदीतही तसेच आहे. म्हणजे एकाच घरात आजोबा आणि नातू एकच शब्द उच्चारतात आणि दोघांच्या मनात दोन निराळ्या वस्तू असतात. यात चूक कोणाचीच नाही. वैशेषिक दर्शनात कणादाने द्रव्याचा अंतिम अविभाज्य अंश तो परमाणू मानला. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक अशी पुढची रचना सांगितली. झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसतो त्या धूलिकणाला 'त्रसरेणू' असे नाव मिळाले. 'रेणू' म्हणजे मुळात धूळ, पराग. गुजराती-हिंदीने 'परमाणु-अणु' ही जोडी उचलली, मराठीने 'अणू-रेणू' ही उचलली. 'अणुरेणू' हा जोडशब्द आपल्या भक्तिसाहित्यात आधीपासून रुळलेला होताच. दोन्ही भाषांनी एकाच पेवातले धान्य घेतले, मापे मात्र वेगळी वापरली. मुलाला हे एकदा सांगितले की त्याचा गोंधळ कायमचा संपतो. न सांगितले तर त्याला वाटते की घरची भाषा शास्त्राला चुकीची आहे.

आता मूळ विषयाकडे वळतो.

पाण्याचा रेणू तीन अणूंचा असतो: एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. कार्बन डायऑक्साइडचा रेणूही तीन अणूंचाच: एक कार्बन, दोन ऑक्सिजन. पाण्याच्या रेणूचे वस्तुमान १८, कार्बन डायऑक्साइडचे ४४. जड रेणूंचा पदार्थ द्रव असावा आणि हलक्या रेणूंचा वायू असावा, असा आपला सर्वसाधारण तर्क. प्रत्यक्षात अगदी उलटे आहे. हलके पाणी तांब्यात द्रवरूपाने राहते, आणि त्याच्या दुपटीहून अधिक जड असलेला कार्बन डायऑक्साइड हवेत वायू होऊन हिंडतो. थंड करून त्याचे घनरूप करावे म्हटले तर सामान्य दाबाखाली उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली उतरावे लागते. असे का व्हावे? सूत्राकडे पाहून याचे उत्तर मिळत नाही. सूत्र सांगते की कोणते अणू किती आहेत. ते कसे मांडलेले आहेत हे सांगत नाही. पाण्याचा रेणू मध्ये वाकलेला आहे आणि कार्बन डायऑक्साइडचा सरळ काठीसारखा आहे, या एका भेदात उत्तराचा उगम आहे.

परंतु रेणू तर डोळ्यांना दिसत नाही. त्याचा आकार माणसाने ओळखला कसा? येथे इतिहासात थोडे मागे जाणे भाग आहे. १८७४ साली याकोबुस व्हान्ट हॉफ या बावीस वर्षांच्या डच तरुणाने आणि जोसेफ ल बेल या फ्रेंच रसायनज्ञाने, एकमेकांवर अवलंबून न राहता, असे प्रतिपादन केले की कार्बनच्या अणूचे चार बंध अवकाशात चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात. त्या काळी रेणूच्या आत डोकावणारे कोणतेही उपकरण नव्हते. मग आधार कशाचा? तर्काचा. तो तर्क इतका सुंदर आहे की तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

मिथेन या वायूत एका कार्बनला चार हायड्रोजन जोडलेले असतात. कागदावर आपण तो अधिकचिन्हासारखा काढतो: मध्ये कार्बन, चार दिशांना चार हायड्रोजन. समजा, रेणू खरोखरच असा सपाट चौरस आहे. आता त्यातील दोन हायड्रोजन काढून त्यांच्या जागी क्लोरीनचे दोन अणू बसवा. ते शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर बसवता येतील किंवा समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बसवता येतील. म्हणजे एकाच सूत्राचे दोन निरनिराळे पदार्थ मिळावयास हवेत. प्रत्यक्षात आजवर एकच मिळाला आहे. याचा अर्थ रेणू सपाट नाही. चतुष्फलकात मात्र कोणतेही दोन कोपरे एकमेकांचे शेजारीच असतात. 'समोरचा कोपरा' असा नसतोच. म्हणून पदार्थही एकच. जे मिळाले नाही त्यावरून, जे दिसत नाही त्याचा आकार सिद्ध झाला.

हे सर्वांना रुचले असे नाही. हेर्मान कोल्बे हे त्या काळचे जर्मनीतील ज्येष्ठ आणि खरोखर थोर रसायनज्ञ. व्हान्ट हॉफ तेव्हा उट्रेख्टच्या पशुवैद्यकीय शाळेत काम करीत होते. पशुवैद्यकीय शाळेतल्या या माणसाला काटेकोर संशोधनाची गोडी नाही, तो कल्पनेच्या घोड्यावर बसून निघाला आहे, अशा आशयाची जहरी टीका कोल्बे यांनी १८७७ साली छापली. पुढे १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक देण्यात आले, तेव्हा ते याच व्हान्ट हॉफ यांना मिळाले. ते द्रावणांवरील कामासाठी होते, परंतु चतुष्फलकही तोवर सर्वमान्य झाला होता. वयाने आणि अधिकाराने लहान असलेल्या माणसाचा तर्क ऐकून घ्यावा, हा बोध केवळ रसायनशास्त्रापुरता नाही.

चतुष्फलक म्हणजे काय, हे सांगण्यास शब्दकोशाची गरज नाही. शेतातून अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला सराटा ठाऊक आहे. सराटा जमिनीवर कसाही पडो, त्याचा एक काटा वर असतोच आणि तो पायात रुततोच. तीन टोके खाली, एक वर, आणि सर्व टोके एकमेकांपासून शक्य तितकी दूर. मिथेनचा रेणू म्हणजे हा सराटा समजावा. त्याच्या कोणत्याही दोन बंधांमधील कोन सुमारे १०९.५ अंशांचा असतो. कागदावरच्या अधिकचिन्हात तो ९० दिसतो, कारण कागद सपाट आहे. चार टोकांना जागा हवी असेल तर अवकाशात ती अधिक मिळते.

'शक्य तितकी दूर' या तीन शब्दांतच पुढचे सारे शास्त्र आले. १९१६ साली अमेरिकन रसायनज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी मांडले की अणूंमधला बंध म्हणजे दोघांनी सामाईक वापरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. १९४० साली ऑक्सफर्डच्या सिजविक आणि पॉवेल यांनी दाखवले की मध्यवर्ती अणूभोवती अशा जोड्या किती आहेत हे मोजले की रेणूचा आकार बहुधा सांगता येतो. १९५७ साली लंडनमध्ये रोनल्ड गिलेस्पी आणि रोनल्ड नायहोम यांनी त्याला नीट नियमाचे रूप दिले. त्याचे मराठी नाव लांबलचक आहे: 'संयुजा-कवच इलेक्ट्रॉन-जोडी प्रतिसारण सिद्धांत'. नाव ऐकून विद्यार्थी दचकतात. पण समास सोडवला की अर्थ एका वाक्यात मावतो: अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींना दूर लोटतात, आणि त्या जशा पांगतात तसा रेणूला आकार येतो. लांब समास फोडून अर्थ काढणे हे तर आम्हा भाषेच्या अध्यापकांचे रोजचेच काम आहे.

रीत अशी. मध्यवर्ती अणूच्या बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ते पाहावे. त्याला एकेरी बंधाने जोडलेल्या प्रत्येक अणूकडून एक इलेक्ट्रॉन त्यात मिळवावा. दोनाने भागावे, जोड्यांची संख्या आली. त्यांपैकी जितके बंध तितक्या बंधजोड्या. उरलेल्या त्या एकाकी जोड्या. बंध दुहेरी असला तरी तो एकाच दिशेला जातो, म्हणून आकारापुरता एकच धरावा. दोन दिशा असतील तर सरळ रेषा, १८० अंश. तीन असतील तर सपाट त्रिकोण, १२० अंश. चार असतील तर सराटा. पाच असतील तर सपाट त्रिकोणाच्या वर एक टोक व खाली एक टोक. सहा असतील तर अष्टफलक: चार टोके चौरसात, एक वर, एक खाली.

आता तीन रेणू शेजारी ठेवू. मिथेन: कार्बनचे ४, हायड्रोजनांचे ४, एकूण ८, चार जोड्या, चारही बंधाच्या. अमोनिया: नायट्रोजनचे ५, हायड्रोजनांचे ३, एकूण पुन्हा ८, चार जोड्या, पण तीन बंधाच्या आणि एक एकाकी. पाणी: ऑक्सिजनचे ६, हायड्रोजनांचे २, एकूण ८, दोन बंधाच्या, दोन एकाकी. तिन्ही ठिकाणी जोड्यांची मांडणी सराट्याचीच आहे. परंतु एकाकी जोडीच्या टोकाला अणू नसतो, म्हणून अणूंनी बनलेला आकार निराळा होतो. अमोनिया तिवईसारखा होतो: तीन पाय खाली, आणि चौथा काटा जेथे असावयाचा तेथे, वरच्या बाजूला, एकाकी जोडी. पाण्यात दोनच टोके उरतात. रेणू वाकलेला होतो.

कोन मात्र तिन्हींत सारखा नाही. मिथेनमध्ये १०९.५, अमोनियात सुमारे १०७, पाण्यात १०४.५ अंश. क्रमाने कमी का व्हावा? बंधजोडीला दोन अणुकेंद्रे दोन्ही बाजूंनी ओढून धरतात. ती बिचारी अंग आवरून बसते. एकाकी जोडीवर एकाच अणुकेंद्राचा ताबा. ती ऐसपैस पसरते आणि शेजारच्या बंधांना रेटते. एकाकी जोड्या जितक्या अधिक, तितके बंध एकमेकांजवळ दाबले जातात.

माझ्या शेजारी राहणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीला आकारांचे हे कोष्टक तोंडपाठ होते. पंधरा रेणूंची नावे, पंधरा आकार, पंधरा कोन. सल्फर डायऑक्साइड त्या कोष्टकात नव्हता, त्याचा आकार कसा असेल असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "काका, तो आम्हांला नाही." मी तिला एवढेच म्हणालो की सल्फरच्या बाहेरच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन आहेत, दोन ऑक्सिजनांशी दोन दुहेरी बंध आहेत, आता तू मोज. तिने मोजले: दोन दुहेरी बंधांत सल्फरचे चार खर्ची पडले, दोन उरले, म्हणजे एक एकाकी जोडी. तीन दिशा. म्हणजे त्रिकोण, पण एका कोपऱ्यात अणू नाही. म्हणून वाकलेला, कोन १२० च्या किंचित खाली. प्रयोगाने मोजलेला कोन सुमारे ११९ अंश आहे. जे तिला 'नव्हते' ते तिने स्वतः मिळवले. पाठांतर आणि ज्ञान यांत फरक असतो तो एवढाच, आणि तो फार मोठा असतो.

आकार कळला, आता स्वभाव पाहू. दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवली तरी दोघांची ओढ सारखी नसते. या ओढीला विद्युतऋणता म्हणतात. लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली तिचे कोष्टक तयार केले. त्या मापावर आज फ्लोरीन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, नायट्रोजन ३.०४, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२० असे आकडे आहेत. पाण्यात ऑक्सिजन जोडीला आपल्याकडे खेचतो. त्याच्या बाजूस थोडा ऋणभार येतो, हायड्रोजनच्या बाजूस थोडा धनभार. अशा बंधाला ध्रुवीय बंध म्हणावयाचे.

परंतु बंध ध्रुवीय असले म्हणजे रेणू ध्रुवीय असतोच असे नाही, आणि येथेच आकाराचे महत्त्व आहे. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी समान बळाने ओढले तर दोरी जागची हलत नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन सरळ रेषेत विरुद्ध दिशांना ओढतात; बेरीज शून्य. पाण्यात मात्र दोन्ही बंध एका बाजूला कललेले; ओढी एकमेकींना खोडत नाहीत. रेणूची ही एकूण ओढ पीटर डेबाय यांच्या नावाच्या एककात मोजतात. त्यांना १९३६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कार्बन डायऑक्साइड शून्य डेबाय, पाणी १.८५ डेबाय. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये चार क्लोरीन सराट्याच्या चारही टोकांना बसून एकमेकांना खोडतात: शून्य. त्यातला एक क्लोरीन काढून हायड्रोजन बसवला की क्लोरोफॉर्म होतो, आणि समतोल मोडून साधारण एक डेबाय येतो.

याहून मनोरंजक जोडी अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड यांची. दोन्ही तिवया. नायट्रोजन-हायड्रोजन यांच्या विद्युतऋणतेतील अंतर ०.८४, नायट्रोजन-फ्लोरीन यांचे ०.९४. आकड्यांवरून दुसरा रेणू अधिक ध्रुवीय असावा. प्रत्यक्षात अमोनिया १.४७ डेबाय आणि दुसरा अवघा ०.२३. कारण एकाकी जोडी. अमोनियात नायट्रोजन तिन्ही पायांकडून इलेक्ट्रॉन वर ओढतो आणि एकाकी जोडीही वरच असते. दोघांची बेरीज होते. दुसऱ्यात फ्लोरीन खाली ओढतो आणि एकाकी जोडी वर, वजाबाकी होते. नुसता आकडा पाहून निर्णय करू नये, दिशाही पाहावी.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर पुरे करता येते. पाण्याच्या रेणूचे एक टोक ऋण, दुसरे धन. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो. यालाच हायड्रोजन-बंध म्हणतात. ही साखळी सोडवून रेणूला मोकळा करावयास पुष्कळ उष्णता लागते, म्हणून पाणी १०० अंशांना उकळते. त्याचाच भाऊबंद हायड्रोजन सल्फाइड, वस्तुमान ३४, उणे ६० अंशांनाच उकळतो, कारण त्याची पकड दुबळी. मीठ पाण्यात विरघळते आणि तेल त्यावर तवंग धरते, तेही यामुळेच: ध्रुवीयाचे ध्रुवीयाशी जमते, अध्रुवीयाचे अध्रुवीयाशी. पाण्याचा रेणू सरळ असता तर हे काही झाले नसते. नद्या नसत्या, रक्त नसते, आणि हा विषय ऐकावयास आपण नसतो.

कार्बन डायऑक्साइडची गोष्टही येथे संपत नाही. तो एरवी अध्रुवीय. पण त्याचे अणू सतत थरथरत असतात. ती काठी क्षणभर वाकते तेव्हा क्षणभर ध्रुवीय होते, आणि त्या थरथरीतून जमिनीवरून निघणारी अवरक्त उष्णता ती शोषून घेते. हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे रेणू दोन सारख्या अणूंचे. ते ताणले-आखडले तरी ध्रुवीय होत नाहीत, म्हणून ती उष्णता त्यांतून निघून जाते. हवेत नव्व्याण्णव टक्के असलेले हे दोघे जे करीत नाहीत ते शतांश टक्क्यांत मोजावा लागणारा तिसरा करतो. पृथ्वीच्या तापमानाविषयी आज जी चिंता जगभर व्यक्त होते तिचे मूळ रेणूच्या या थरथरीत आहे.

या नियमाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर ते शास्त्र न राहता पोथी होईल. हायड्रोजन सल्फाइडचा हिशोब पाण्यासारखाच आहे. नियमाने कोन १०९.५ पेक्षा कमी असावा, आणि तो आहे. पण तो सुमारे ९२ अंश इतका खाली उतरेल हे नियम सांगत नाही. लोह, तांबे, निकेल यांसारख्या धातूंच्या संयुगांत तो वारंवार अडखळतो. त्याच्या मागची सखोल कारणे पुंजयामिकीत शोधावी लागतात. नियम दिशा दाखवतो, अंतर मोजून देत नाही.

पण दिशा दाखवणे हे काही कमी नाही. झेनॉन हा वायू कोणाशीच संयोग पावत नाही, अशी समजूत होती. १९६२ साली नील बार्टलेट यांनी त्याचे पहिले संयुग तयार केले आणि त्याच वर्षी झेनॉन टेट्राफ्लोराइडही तयार झाला. नियम १९५७ चा. पदार्थ नंतर जन्मला. हिशोब करून पाहा: झेनॉनचे ८, फ्लोरिनांचे ४, एकूण १२, सहा जोड्या, म्हणजे अष्टफलक. चार बंध, दोन एकाकी. या दोन ऐसपैस जोड्यांना एकमेकींपासून सर्वांत दूर जावयाचे; एक वर, एक खाली. चार फ्लोरीन मधल्या सपाट चौरसात. ध्रुवीयता शून्य. प्रयोगांनी रेणू तपासला तेव्हा तो सपाट चौरसच निघाला. मिथेनसाठी जो चौरस तर्काने नाकारला, तोच येथे तर्काने मिळाला. याला भाकीत म्हणतात. आणि यासाठी लागली ती फक्त बेरीज, भागाकार आणि विचार.

सभाजनहो, आतापर्यंत मी जे बोललो ते सारे मराठीत बोललो. इलेक्ट्रॉन, ऑक्सिजन, डेबाय हे शब्द जसेच्या तसे घेतले; ते घेण्यात मला संकोच वाटत नाही. एके काळी आपण ऑक्सिजनला प्राणवायू, नायट्रोजनला नत्रवायू, कार्बनला कर्ब म्हणत असू. तेही चांगले होते. नामे कोठूनही यावीत. परंतु 'म्हणून', 'तरीही', 'असे असते तर' हे जे विचाराचे सांधे आहेत, ते ज्या भाषेत आपण लहानपणापासून वाद घातला त्याच भाषेत घट्ट बसतात.

हे बडोद्यात सांगावे लागू नये. १८९० साली महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने येथे कलाभवन स्थापन झाले. त्याचे प्रवर्तक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनज्ञ होते, आणि उद्योगाचे शिक्षण स्वभाषेतून मिळाले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. १८९६ साली मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले. डांबर हे मुख्यत्वे अध्रुवीय पदार्थांचे मिश्रण. त्यापुढे पाण्याची मात्रा चालत नाही. सरकारला तो डाग काढावयास अखेर रसायनज्ञाकडेच जावे लागले, आणि ते काम करून दाखवणारे हेच गज्जर होते. त्या कृत्याचा रंग कोणाला कसा दिसावा हा इतिहासाचा विषय. डांबराचा आणि पाण्याचा स्वभाव मात्र राजा-रंक पाहत नाही.

याच संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. ज्ञान लोकांच्या भाषेत, लोकांच्या दारात, हा या भूमीचा वसा आहे. मराठीतही साधनांचा दुष्काळ नाही. केतकरांनी आपल्या ज्ञानकोशाच्या प्रस्तावनाखंडांतील एक संपूर्ण खंड विज्ञानाच्या इतिहासाला दिला. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ साली पुण्यात सुरू झाले. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली निघू लागलेल्या विश्वकोशात रसायनशास्त्रावरच्या सविस्तर नोंदी आहेत.

असे असता, आपल्या ग्रंथालयातील विज्ञानाचे कपाट कोठे आहे हे किती सभासदांना सांगता येईल? कादंबऱ्यांची पाने हाताळून मऊ झाली आहेत. विज्ञानाच्या पुस्तकांची काही पाने अजून फाडून मोकळी केलेली नाहीत. वाचनकक्षात सायंकाळी बसणारे आम्ही बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. आमची मुले-नातवंडे गणेशोत्सवात मराठी बोलतात, परीक्षेत दुसऱ्या भाषेत विचार करतात. मराठी केवळ सणांची आणि आठवणींची भाषा झाली, तर पुढच्या शतसांवत्सरिकाला येथे पुस्तके असतील, वाचक नसतील. ही भीती मला खरी वाटते.

म्हणून शेवटी तीन सूचना करतो. पहिली: नववी ते बारावीच्या विज्ञानातील नेहमीच्या संज्ञांचा मराठी, गुजराती आणि इंग्रजी असा तीन रकान्यांचा तक्ता करून वाचनकक्षात लावावा, पहिली ओळ 'अणू-परमाणु' आणि दुसरी 'रेणू-अणु' अशी असावी. दुसरी: महिन्यातून एका रविवारी सकाळी आपल्यातील निवृत्त शिक्षकांनी आणि कारखान्यांतून काम केलेल्या रसायनज्ञांनी मुलांना घेऊन बसावे. कणकेचे गोळे आणि काड्यापेटीतल्या काड्या एवढ्या भांडवलावर मिथेनपासून झेनॉनपर्यंतचे सर्व रेणू उभे करता येतात. तिसरी आपल्या आश्रयदात्यांसाठी: शताब्दीनिमित्त जो निधी जमला आहे त्यातील एक निश्चित वाटा दरवर्षी विज्ञानाच्या मराठी पुस्तकांसाठी राखून ठेवावा, आणि तो कोणत्याही कारणाने इतरत्र वळवू नये.

तीन टोके असली म्हणजे तिवई डगमगत नाही. या तीन सूचनांचा विचार कार्यकारी मंडळाने आपल्या पुढील सभेत करावा, अशी विनंती करतो.